चाळीस पोरांनी तगवलेली चारशे वर्षं

1916 साली शांघायच्या एका सूतगिरणी मालकाने फ्रेडरिक टेलरच्या व्यवस्थापनावरच्या पुस्तकाचं चिनी भाषांतर प्रसिद्ध केलं. कामगाराने कोणती हालचाल किती वेळात करावी, वाया जाणारा क्षण कसा वाचवावा, याचा हिशेब मांडणारं ते पुस्तक. मालकाचं नाव मू औछू. अमेरिकेत शेती आणि कापूस शिकून आलेला, आकड्यांत रमणारा माणूस. पाचच वर्षांनी याच माणसाने स्वतःचा पैसा ओतला तो अशा कलेत, जिथे एकेक अक्षर गायला दहा-दहा सेकंद लागू शकतात आणि ते घाईने गायलं तर चुकलं असं मानतात.

त्या कलेचं नाव खुनछ्यू. चीनमधल्या जुन्या संगीत नाटकांपैकी आजही रंगभूमीवर जिवंत असलेलं हे सर्वांत जुन्यांतलं एक. बीजिंग ऑपेरा आपल्याला थोडाफार ठाऊक असतो, रंगवलेले चेहरे, कोलांट्या, झांजांचा गजर. खुनछ्यू त्याच्या कितीतरी आधीचं आणि बीजिंग ऑपेराने त्याच्याकडून भरपूर घेतलेलं. शांघायजवळच्या सुझोऊ शहराच्या शेजारी खुनशान नावाचं शहर आहे. तिथल्या स्थानिक चालींना सोळाव्या शतकात वेई लियांगफू नावाच्या संगीतकाराने नवं रूप दिलं. त्याने यात दहा वर्षं घालवली असं सांगतात. त्याने घडवलेल्या गायकीला लोक 'पाणजात्याची चाल' म्हणू लागले. मोदकासाठी भिजवलेल्या तांदळाची पिठी जशी बोटांना कुठेही कण लागू न देता मऊसूत उतरते, तसा सूर उतरला पाहिजे, ही त्यामागची अपेक्षा.

ही अपेक्षा पुरी कशी होते, ते समजून घेण्यासारखं आहे. चिनी भाषेत शब्दाचा अर्थ त्याच्या उच्चारातल्या चढ-उतारावर ठरतो. तोच उच्चार सपाट केला तर एक अर्थ, चढवत नेला तर दुसरा, खाली आणून वर नेला तर तिसरा. मग गाण्यात काय करायचं? सुरावट आपल्या मर्जीने वर-खाली गेली तर अर्थ बिघडणार. खुनछ्यूने यावर काढलेला तोडगा फार कष्टाचा आहे: सुरावटच शब्दाच्या चढ-उतारातून काढायची. कवीकडे ठरलेल्या चालींचे साचे असतात. किती ओळी, कोणत्या ओळीत किती अक्षरं, कुठे कोणत्या चढणीचा शब्द, हे सगळं आधीच ठरलेलं. कवी त्यात आपले शब्द भरतो आणि त्या शब्दांच्या चढ-उतारानुसार सूर जागोजागी वळवून घेतात. त्यामुळे एकाच चालीतली दोन पदं ऐकली तर ती एकमेकांची भावंडं वाटतात, जुळी वाटत नाहीत.

पुढे आणखी बारकावा आहे. एका अक्षराचे तीन भाग करून गातात. आधी डोकं, म्हणजे सुरुवातीचं व्यंजन. मग पोट, म्हणजे लांबवायचा स्वर. शेवटी शेपूट, म्हणजे अक्षर जिथे मिटतं तो आवाज. अनुनासिक शेवट असेल तर तो कधी सुरू करायचा आणि ओठ-जीभ कधी मिटायची, हे ठरलेलं. दक्षिणेकडच्या पदांत काही शब्द चटकन तोडायचे असतात. आवाज क्षणभर थांबतो आणि मग उरलेले सूर पुढे जातात. त्या तुटण्यानेच शब्द कळतो. हे सगळं बांबूच्या आडव्या बासरीच्या सोबतीने. बासरी गाण्याच्या मागे राहत नाही, गळ्याला धरून चालते.

आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या रसिकाला इथे मोठा फरक जाणवेल. आपल्या नाट्यपदात गायक रंगला की पद फुलत जातं, 'वन्स मोअर' आला की तेच पद वेगळ्या अंगाने येतं आणि आपण त्यासाठीच तिकीट काढतो. खुनछ्यूमध्ये ही मुभा नाही. तिथली कसोटी अशी, की हजारदा गायलेलं पद हजारदा तसंच गायचं आणि तरी ते त्या क्षणी सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. मला हे जास्त अवघड वाटतं.

त्यांच्याकडे स्वरलिपी आहे. शब्दांच्या कडेला छोटी चिन्हं लिहिलेली असतात. पण ती फक्त सुरांचा सांगाडा देते. मधल्या मुरक्या, श्वास, तोडण्याच्या जागा कागदावर नाहीत. त्या गुरूच्या गळ्यात असतात. हालचालींचं तर जवळजवळ सगळंच गुरूच्या अंगात. गुरू गेला आणि शिष्य नसला, की नाटक छापील पुस्तकात शिल्लक राहतं पण रंगभूमीवरून जातं. 1921 साली नेमकी हीच वेळ आली होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खुनछ्यूचा प्रेक्षक दुसरीकडे वळत होता. 1790 मध्ये सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आनह्वे प्रांतातल्या मंडळ्या बीजिंगला आल्या आणि त्यांच्या झणझणीत शैलीतून पुढे बीजिंग ऑपेरा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ताइपिंग बंडाने सुझोऊचा परिसर उद्ध्वस्त केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत दक्षिणेत खुनछ्यू करणारी एकच धंदेवाईक मंडळी धुगधुगी धरून होती. तिच्यातले नट म्हातारे झाले होते आणि त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

सुझोऊच्या काही रसिकांनी 1921 साली शाळा काढायचं ठरवलं. मू औछू पुढे आला आणि खर्चाचा मोठा भार त्याने उचलला. त्याला स्वतःला गाण्याचं वेड होतं. यू झनफेई नावाच्या तरुण गायकाकडून तो शिकत होता. एवढंच करून तो थांबला नाही. शाळेसाठी निधी जमवायला 1922 मध्ये शांघायच्या एका नाट्यगृहात तीन दिवसांचे प्रयोग झाले, त्यांत हा गिरणीमालक स्वतः रंगमंचावर उभा राहिला.

शाळा भरली सुझोऊच्या एका जुन्या बागेत. विद्यार्थी सगळे मुलगे, बहुतेक गरीब घरचे, नऊ-दहा वर्षांपासून पुढचे. शेवटी तयार झाले ते चाळीसच्या आसपास. शिकवायला त्या मरणासन्न मंडळीतले वृद्ध नट. तीन वर्षं शिकायचं, दोन वर्षं मंडळीत काम करायचं. गाण्या-नाचण्याबरोबर भाषा आणि गणितही होतं, त्या काळच्या नाटकवाल्या मुलांना सहसा न मिळणारं.

शिकवण्याची पद्धत जुनीच. मुलं टेबलाभोवती बसत. गुरू एक ओळ म्हणे, मुलं ती म्हणत आणि प्रत्येकाचा तळहात टेबलावर ताल देत राही. ठाशीव मात्रेला पूर्ण हात, मधल्या मात्रांना बोटं. ओळ बसली की पुढची, पद बसलं की बासरीबरोबर. गाणं हातात भिनल्याशिवाय उभं राहायचं नाही. मग टेबल बाजूला सारायचं आणि पाऊल कसं टाकायचं तिथपासून सुरुवात. आजही खुनछ्यूचा पाठ असाच टेबलावर हात आपटत सुरू होतो.

मुलांना रंगभूमीसाठी नवी नावं मिळाली. सगळ्यांच्या नावात मधलं अक्षर एकच, 'छ्वान', म्हणजे पुढच्याच्या हाती देणं. त्यांना ओळखतातही 'छ्वान पिढी' म्हणूनच. शेवटचं अक्षर मात्र भूमिकेनुसार निवडलेलं. चिनी अक्षराच्या एका अंगाला अर्थ सुचवणारी छोटी खूण असते. तरुण नायक करणाऱ्यांच्या अक्षरात जेड रत्नाची खूण, स्त्रीभूमिका करणाऱ्यांच्या अक्षरावर गवताची, प्रौढ आणि रंगीत चेहऱ्याच्या भूमिकांना धातूची, विदूषकांना पाण्याची. नुसती हजेरीपत्रकावर नजर टाकली तरी कोणता मुलगा कुठल्या भूमिकेचा, ते दिसायचं. दहा-बारा वर्षांच्या पोराला नावासकट नेमून दिलेलं हे काम होतं आणि त्यांतल्या अनेकांनी ते मरेपर्यंत केलं.

भूमिका नेमून देण्यामागे कारण आहे. प्रत्येक भूमिकेचा गळा, चाल, बोटांची ठेवण वेगळी. रंगमंचावर बहुतेक वेळा एक टेबल आणि दोन खुर्च्या, बाकी सगळं नटाने अंगाने उभं करायचं. स्त्रीपात्राच्या बाहीला पांढऱ्या रेशमाचा लांब पट्टा जोडलेला असतो. तो फेकणं, झेलणं, मनगटाच्या एका झटक्यात घडी घालून वर घेणं याला वर्षं जातात. विदूषकाच्या आणि चपळ पात्रांच्या काही प्रवेशांची घडणच विषारी प्राण्यांच्या हालचालींवर आहे. चिलखत चोरणारा चोर विंचवासारखा सरपटतो, टेबलांच्या चळतीवर चढतो आणि खाली उतरतो, तोही आवाज न करता. मठातून पळालेला छोटा भिक्षू बेडकाच्या अंगाने हालतो. प्रेक्षकाला विंचू दिसायला नको असतो. त्याला दिसतो चोर, पण अंगावर काटा विंचवाचा येतो.

मुलं मोठी झाली, मंडळी काढली, शांघायमध्ये खेळ केले. पण शहर सिनेमाच्या मागे लागलं होतं. 1937 मध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात त्यांचे पोशाख आणि सामान जळून गेलं. 1942 मध्ये मंडळी फुटली. कुणी दुसऱ्या प्रकारच्या नाटकात गेलं, कुणी गाणं शिकवून पोट भरू लागलं, कुणी दारिद्र्यात गेलं. झौ छ्वानइंग आणि वांग छ्वानसुंग हे दोघे चच्यांग प्रांतात भटकणाऱ्या एका छोट्या मंडळीत शिरले आणि गावोगाव जे खपेल ते करत राहिले.

1956 साली या दोघांच्या मंडळीने 'पंधरा माळा नाण्यांच्या' हे जुनं नाटक आटोपशीर करून बीजिंगला नेलं. झौ छ्वानइंग न्यायाधीश, वांग छ्वानसुंग खुनी चोर. त्यातला एक प्रवेश चीनमध्ये कितीतरी लोकांना पाठ आहे. न्यायाधीश ज्योतिषाच्या वेशात चोराला गाठतो. चोर भविष्य विचारायला 'उंदीर' हे अक्षर पुढे करतो, कारण त्याच्या नावात तेच आहे. ज्योतिषी त्या अक्षराचे अर्थ उलगडत उलगडत थेट गुन्ह्यापाशी येतो. चोर बाकावर बसलेला आहे. ऐकता ऐकता तो मागच्या मागे उलटा कोसळतो, बाकाखाली गडप होतो आणि समोरून डोकं वर काढतो, डोळे उंदरासारखे लुकलुकत. एका दमात केलेली ही हालचाल, आणि भीती म्हणजे काय ते सगळं त्यात. त्याच वर्षी या नाटकाचा चित्रपटही निघाला, त्यामुळे आजही ती पाहता येते. 'पीपल्स डेली'ने 18 मे 1956 रोजी अग्रलेख लिहिला: एका नाटकाने एक अख्खा नाट्यप्रकार जगवला. सरकारी पाठबळ आलं आणि शहरोशहरी मंडळ्या उभ्या राहिल्या.

नाटकाने तो जगवला, हे खरंच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याच्या दोन वर्षं आधी शांघायमध्ये, फारसा गाजावाजा न होता सुरू झालेलं काम. 1954 साली तिथे खुनछ्यूचा प्रशिक्षणवर्ग निघाला, साठ मुला-मुलींचा. पुढे तो शहराच्या नाट्यशाळेचा भाग झाला आणि यू झनफेई, तोच गिरणीमालकाला गाणं शिकवणारा तरुण, त्या शाळेचा मुख्य झाला. शिकवायला छ्वान पिढीतले नट जमवून आणले. आता वर्गात मुलीही होत्या, आणि स्त्रीभूमिका शिकवणारे मात्र सगळे पुरुष. तीस-चाळीस वर्षं नायिका जगलेले पन्नाशीचे पुरुष बारा वर्षांच्या मुलींना लाजायचं कसं, पंख्याआडून पाहायचं कसं, हे शिकवत होते. नजर आणि बोटांचा संबंध एका पुरुषाच्या देहातून मुलीच्या देहात गेला आणि तिथून पुन्हा मुलींकडे. आज स्त्रीभूमिकेत आपण जे नाजूक वळण पाहतो, ते असं आलेलं आहे.

एक धागा जवळून पाहू. थांग श्यानत्सू या नाटककाराने 1598 मध्ये 'मूतान थिंग' पुरं केलं. पंचावन्न प्रवेशांचं नाटक. सोळा वर्षांची दू लीन्यांग बागेत फिरायला जाते, झोपते, स्वप्नात एक तरुण भेटतो. जागी झाल्यावर ती त्या स्वप्नाच्या शोधात एकटीच पुन्हा बागेत येते. पुढे ती विरहाने मरते आणि त्या तरुणाच्या प्रेमाने पुन्हा जिवंत होते. स्वप्न शोधण्याचा प्रवेश म्हणजे बराचसा एका नटीचा एकटीचा खेळ, हातात पंखा, समोर मोकळा रंगमंच. काल इथे झाड होतं, इथे दगड होता, इथे तो उभा होता, हे सगळं फक्त नजरेतून दाखवायचं.

हा प्रवेश छ्वान पिढीतल्या याओ छ्वानश्यांगला एका आजारी, वृद्ध नटाने शिकवला. याओने तो झांग चीछिंगला दिला. तिच्या नावातही पिढीची खूण आहे. सुझोऊच्या पुढच्या पिढ्यांची अक्षरं ओळीने लावली तर चालू ठेवणं, वारसा घेणं, पसरवणं, उंच करणं असा अर्थ होतो आणि तिचं 'ची' हे त्यातलं पहिलं. हा प्रवेश आणि आणखी दोन स्वप्नप्रवेश यांनी ती चीनभर ओळखली गेली. 2022 मध्ये ती गेली. पण त्याआधी तिने तो प्रवेश सुझोऊच्या शन फंगइंगच्या हाती दिला होता, आणि त्याला कारण झाला एक लेखक.

पाई श्यानयुंग हा सेनानी पाई छुंगशीचा मुलगा. युद्ध संपल्यावर शांघायमध्ये त्याने लहानपणी विख्यात नट मेई लानफांग आणि यू झनफेई यांना याच नाटकातला बागेचा प्रवेश करताना पाहिलं होतं. साठी उलटल्यावर त्याने ठरवलं की हे नाटक तरुणांनी तरुणांसाठी करायचं. पंचावन्नपैकी सत्तावीस प्रवेश निवडले. खेळ नऊ तासांचा, तीन रात्रींचा. नायक-नायिका विशीतले. त्यांना झांग चीछिंग आणि नायकाच्या भूमिका करणारा वांग शीयू यांच्यासमोर गुडघे टेकून, रीतसर नमन करून शिष्य व्हायला लावलं आणि महिनोन् महिने तालीम घेतली. एप्रिल 2004 मध्ये तैपेईला पहिला प्रयोग झाला. मग चीनमधली विद्यापीठं, 2006 मध्ये अमेरिका, पुढे दोनशेहून अधिक प्रयोग. नव्या प्रकाशयोजनेबद्दल आणि पोशाखांबद्दल जाणकारांची कुरकुर झाली. मला वाटतं, पाईंचा खरा निर्णय प्रकाशाचा नव्हताच, तो दोन गुरू निवडण्याचा होता.

मधली दहा वर्षं मात्र कुणालाच भरून काढता आली नाहीत. 1966 पासून सांस्कृतिक क्रांतीत जुनी नाटकं बंद झाली, मंडळ्या मोडल्या, गुरूंचा छळ झाला. 1977-78 मध्ये नानजिंग आणि शांघायच्या मंडळ्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण तोवर छ्वान पिढीतले काही जण गेले होते. शांघायच्या शाळेत पहिली तुकडी 1954 ची, दुसरी 1959 ची, तिसरी थेट ऐंशीच्या दशकातली. इथे दरवर्षी चार विद्यार्थी घेऊन भागत नाही. एका नाटकाला नायक, नायिका, योद्धा, रंगीत चेहरा, विदूषक, बासरीवाले असं सगळं एकदम लागतं. त्यामुळे अख्खी तुकडी एकत्र घेतात, वर्षानुवर्षं एकत्र वाढवतात. एक तुकडी चुकली की रंगमंचावर एका वयाची माणसंच नसतात. आणि प्रत्येक पिढीगणिक अंगात असलेल्या प्रवेशांची संख्या कमी होत आली आहे. म्हाताऱ्या गुरूंनी एकेक प्रवेश ओळीओळीने उलगडून सांगितला, तो चित्रित करून ठेवण्याचा मोठा प्रकल्प गेल्या दशकात पार पडला. दोन डझनांहून अधिक कलावंत, शंभराहून अधिक प्रवेश. ते पाहून कुणी एखादा हरवलेला प्रवेश पुन्हा उभा करू शकेल. मात्र आपल्या मनगटाचा कोन चुकला हे त्याला पडदा सांगणार नाही.

18 मे 2001 रोजी युनेस्कोने मानवाच्या मौखिक आणि अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली. एकोणीस नावांत खुनछ्यू होतं आणि केरळचं कुटियाट्टम्‌ही. दोन्हीकडे डोळे आणि बोटं घडवायला बालपण द्यावं लागतं. त्या वेळी अख्ख्या चीनमध्ये खुनछ्यू करणारी माणसं सुमारे आठशे होती, असं तिथले लोक सांगत. एक अब्जाहून अधिक लोकांच्या देशात आठशे. आज आठ व्यावसायिक मंडळ्या आहेत, विद्यापीठांत रसिक मंडळं आहेत, सुझोऊच्या वाघ टेकडीवर मिंग काळापासून ठाऊक असलेला शरद पौर्णिमेचा गायन मेळा 2000 पासून पुन्हा भरतो.

तुम्हाला ऐकायचं असेल तर बागेच्या प्रवेशापासून सुरुवात करा. तरुण संचाच्या नाटकाचं चित्रण सहज सापडतं. पहिली काही मिनिटं अर्थाच्या मागे लागू नका, बासरीला धरा. ती कुठे गळ्याच्या आधी पोचते आणि कुठे थांबून वाट पाहते, ते कळलं की एकच लांबलेलं अक्षर निवडा आणि त्याच्या शेपटीकडे कान ठेवा. ओठ मिटत असताना सूर अजून चालू असतो. नायिकेचा हात त्याच वेळी बाहीआड जात असतो आणि दोन्ही एकाच क्षणी संपतात. तो क्षण एकदा सापडला की मागे जाऊन झांग चीछिंगचं जुनं चित्रण लावा आणि तोच क्षण तिच्यात शोधा.